पडद्यावरची पाहुणी

ऑनलाइन समुपदेशन घ्यायचं म्हटल्यावर माणसाला सगळ्यात आधी काय लागतं? मन मोकळं करायची तयारी, असा माझा समज होता. तसं काही नसतं. सगळ्यात आधी लागतं नेटवर्क, आणि आमच्या घरात ते फक्त स्वयंपाकघराच्या ओट्यावर येतं. तेही ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीला चिकटून, जिथं बायको गेल्यापासून मी रिकाम्या बरण्या ठेवत आलो आहे.

‘बायको गेल्यापासून’ वाचून कोणी लगेच हळहळू नये. बायको मुलीकडे गेली आहे, परदेशात. नातू झाला म्हणून गेली, बाळ जरा अंग धरेपर्यंत राहायचं ठरलं होतं. बाळानं अंग धरलं, मग ते रांगायला लागलं, मग मुलीची रजा संपली, मग पाळणाघरवाली बाई काही धड नाही असा निष्कर्ष निघाला. दर वेळी बायकोनं फोनवर विचारलं, "अहो, काय करू? राहू का अजून थोडे दिवस?" आणि दर वेळी मी मोठ्या मनानं म्हणालो, "रहा की. इथं माझं काही अडत नाही." आता मुलगी आईची राहण्याची मुदत चांगली वर्षभर वाढवायच्या खटपटीत होती. त्याचा अर्ज महिनाअखेरीस भरायचा होता, आणि त्याआधीच्या रविवारी मी काय ते एकदाचं सांगावं, असं बायकोनं कळवलं होतं.

काय सांगायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं, एवढीच अडचण. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तसलं काही बोलायची वेळच आली नव्हती, कारण ज्या माणसाशिवाय करमणार नाही ते माणूस घरातच असायचं. आता झोप उडाली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. कोणाशी तरी मोकळेपणानं बोला." मी लगेच त्यांच्याशीच बोलायला सुरुवात केली, तर म्हणाले, "माझ्याशी नाही हो. बाहेर पेशंट बसलेत."

समुपदेशनाच्या अॅपचा शोध वरच्या मजल्यावरच्या निवृत्त वीज-इंजिनियरांनी लावला. त्यांना आम्ही सगळे मागून व्होल्टेज म्हणतो, कारण कुणाचंही काहीही दुखलं तरी ते आधी घरातलं व्होल्टेज तपासायला सांगतात. त्यांच्या मेहुणीला म्हणे या अॅपवरच्या एका मॅडमनी अगदी सुतासारखं सरळ केलं होतं. "घरबसल्या काम होतं," ते म्हणाले. "चप्पलसुद्धा घालावी लागत नाही."

अॅपनं आधी माझी ओळख पटवून घ्यायचं ठरवलं. चेहरा चौकटीत आणा. डोळे मिटा. डोळे उघडा. हसा. मी हसलो. ‘हा चेहरा ओळखपत्राशी जुळत नाही.’ ओळखपत्रावरच्या फोटोत मी हसत नव्हतो, हे खरं. ओळखपत्र काढताना कोण हसतं? म्हणून गंभीर होऊन पाहिलं, तर ‘कृपया हसा.’ दुपार हसण्यात आणि न हसण्यात गेली. शेवटी मदतकेंद्राला फोन लावला, तिथल्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आपली तक्रार नोंदवली आहे. योग्य ती कार्यवाही केली जाईल."

हे वाक्य माझं होतं. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात मी उभी नोकरी हेच वाक्य लिहीत बसलो होतो. नळाला पाणी नाही, योग्य ती कार्यवाही. पाण्याला वास येतो, योग्य ती कार्यवाही. लोकांच्या तक्रारी ऐकण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, पण स्वतःची तक्रार कशी करतात याचा सराव शून्य. आणि ते वाक्य पलीकडून ऐकायला इतकं वाईट लागतं, हे नोकरीत असताना मला कोणी सांगितलं नव्हतं.

हा सगळा तमाशा समोरच्या वहिनी त्यांच्या खिडकीतून बघत होत्या. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळी स्वयंपाकघरं हवा-उजेडासाठी सोडलेल्या एका अरुंद डक्टवर उघडतात. माझ्या ओट्याच्या समोर हात लांब केला तर लागेल अशी या वहिनींची खिडकी, आणि खिडकीशी त्यांचं शिवणाचं मशीन. त्या पायाखाली मशीन चालवत ठेवूनच बोलतात. "भावजी," त्या म्हणाल्या, "फोटोसाठी हसू नका. ताईंचा फोन आलाय असं समजा." मी समजलो. अॅपला तो चेहरा ताबडतोब पटला. मला मात्र नंतर कितीतरी वेळ बरण्यांची झाकणं उगाच लावावी-काढावीशी वाटत राहिली.

पहिल्या भेटीच्या दिवशी मी घर झाडून पुसून घेतलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोन डब्याला टेकवून उभा केला. कानात घालायची बोंडं मुलीनं पाठवलेली होती, पण ती माझ्या कानात ठरत नाहीत. त्यातलं एक भांडी घासताना मोरीत गेलं आणि पाणीपुरवठा खात्याचे सगळे जुने संबंध वापरूनही परत आलं नाही. तेव्हा स्पीकरवर बोलायचं ठरलं. शिवाय दूरच्या माणसाशी मोठ्यानंच बोलायचं असतं, ही माझी पिढीजात समजूत आहे. अॅपनं विचारलं, ‘आपण एकांतात आहात का?’ घरात मी एकटाच होतो. मी ‘हो’वर बोट ठेवलं.

मॅडम पडद्यावर आल्या. आमच्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. मागं साधी भिंत, एक कुंडी. "नमस्कार काका, कसे आहात?"

"मजेत," मी म्हणालो. "तुम्ही कशा आहात? घरी सगळे बरे?"

आता यात माझं काय चुकलं ते सांगा. दारात, खिडकीत, पडद्यावर, कुठूनही येवोत, आलेलं माणूस ते आलेलं माणूस. त्याच्यापुढं लगेच आपलं रडगाणं लावायचं नसतं. मी दोन कप चहा केला होता. एक माझ्यासमोर, एक फोनसमोर. त्यांनी झोपेचं विचारलं, मी म्हटलं उत्तम. भूक? कडकडून लागते. एकटं वाटतं का? छे, छे, उलट स्वातंत्र्य आहे. मग मी त्यांना त्यांच्या कामाविषयी विचारलं, एवढी माणसं ऐकून डोकं दुखत नाही का विचारलं, आणि त्यांच्या कुंडीला पाणी जास्त होतंय हेही जाता जाता सांगितलं. वेळ संपताना त्या किंचित हसून म्हणाल्या, "काका, आपलं नातं तयार व्हायला जरा वेळ लागेल. हरकत नाही."

तेवढं वाक्य डक्टमधून वरपर्यंत पोचलं. मी फोन ठेवतो न ठेवतो तोच वरून आवाज आला, "नातं तयार झालं नाही म्हणतायत. तुमचा उजेड कमी पडतोय."

तेव्हा मला उमगलं की माझा एकांत तीन मजली आहे.

खरं तर तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण व्होल्टेज खाली आले ते हातात दिवा घेऊनच. माणूस नीट दिसला नाही तर विश्वास कसा बसणार, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी तो दिवा कपाटाच्या दाराला असा काही लटकवला की माझं टक्कल उजळून निघालं आणि चेहरा अंधारात गेला. वहिनींचं म्हणणं पडलं की मागं भांडी दिसतात, बरं दिसत नाही. त्यांनी एका जुन्या चादरीचा निळा पडदा शिवून दिला. व्होल्टेजनी आणखी एक शास्त्रोक्त माहिती पुरवली. पडद्यावरच्या माणसाकडं बघायचं नाही, फोनच्या वर जे बारीक भोक असतं त्यात बघायचं, म्हणजे पलीकडच्याला वाटतं आपण त्याच्या डोळ्यांत बघतोय. थोडक्यात, मॅडमकडं बघायचं असेल तर मॅडमकडं बघायचं नाही.

मी पुढची भेट त्या भोकात डोळे रोवून पार पाडली. पापणी लवू दिली नाही. मध्येच मॅडमनी काळजीनं विचारलं, "काका, तुम्हाला काही त्रास होतोय का?" मी म्हटलं, "छे, मी फक्त नातं तयार करतोय." डक्टमध्ये मशीन थांबलं आणि कोणीतरी खोकलं.

अशा दोन-तीन भेटी झाल्या असतील आणि सोसायटीची नोटीस आली. निवासी जागेत व्यावसायिक कामकाज चालवल्याबद्दल. रीतसर शिक्का, खाली सेक्रेटरींची सही. दर आठवड्याला ठरल्या वेळी माझ्या स्वयंपाकघरात झगझगीत उजेड पडतो, निळा पडदा लागतो आणि एका बाईंचा आवाज "आता कसं वाटतंय?" असं विचारताना ऐकू येतो, यावरून सेक्रेटरींनी मी घरी दवाखाना काढल्याचं अनुमान काढलं होतं. इतर सभासदांनी काढलेली अनुमानं वहिनींनी मला सांगितली, ती मी इथं लिहीत नाही. सरळमार्गी म्हणून आयुष्यभर जपलेलं नाव एका चादरीच्या पडद्यामागं गेलं होतं.

मी तसाच सेक्रेटरींकडं गेलो. "साहेब, मी धंदा करत नाही. मी गिऱ्हाईक आहे."

"तसं त्यांच्याकडून लेखी आणा," ते चष्मा न काढता म्हणाले.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर तत्परतेनं आलं. गोपनीयतेच्या धोरणानुसार अमुक व्यक्ती आमच्याकडं समुपदेशन घेते किंवा कसं, हे आम्ही कोणालाही कळवू शकत नाही. मी पुन्हा लिहिलं की अमुक व्यक्ती मीच आहे आणि मला ते आधीच माहीत आहे. पुन्हा तेच उत्तर आलं, खाली जास्तीची ओळ होती: आपला एकांत आम्हाला मोलाचा वाटतो. अख्ख्या बिल्डिंगला माझ्या भुकेची आणि झोपेची बित्तंबातमी होती. फक्त जिला मी पैसे देत होतो ती कंपनी मला ओळख दाखवायला तयार नव्हती. सेक्रेटरींनी ते पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "मग प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल." पाहणीसाठी त्यांनी निःपक्षपाती जागा निवडली, ती म्हणजे व्होल्टेजची खिडकी.

रविवारच्या आधीची ती शेवटची भेट. बायकोला उत्तर द्यायचं होतं, आणि ते अजून कोणापुढंच म्हणून झालं नव्हतं. मी ठरवलं होतं की आज मॅडमना सांगायचं. दिवा लावला, पडदा ओढला, दोन कप चहा केला. मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "काका, या आठवड्यात झोप कशी लागली?"

आणि माझं तोंड आपोआप म्हणालं, "उत्तम."

"कसली उत्तम?" वरून आवाज आला. "मॅडम, हे साफ खोटं बोलतायत. रात्रभर फेऱ्या मारतात. माझ्या पायाखाली ऐकू येतं मला."

"जेवत पण नाहीत धड," समोरून वहिनी म्हणाल्या. "पाव आणि चहा. मी रोज बघते ना."

"त्यांना उगाच टोकू नका, पाहणी चालू आहे," हे सेक्रेटरी.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मॅडम आवाज चढवून, पण अगदी आदरानं म्हणाल्या, "वरचे काका, समोरच्या ताई, तुम्हाला यांची काळजी आहे हे मला समजलं. पण ही वेळ यांची एकट्याची आहे. तुम्ही सगळे खिडक्या लावून घ्याल का?"

डक्टमध्ये समोरची खिडकी लागली. सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे, पाहणी झाली," आणि वरचीही खिडकी लागली. इतकी शांतता त्या स्वयंपाकघरात कधी नव्हती. मॅडम म्हणाल्या, "काका, आज थांबायचं असेल तर थांबू. तुम्ही सांगा."

मला थांबायचं होतं. फोन उलटा ठेवून ओट्याखाली बसावंसं वाटत होतं. पण रविवार तोंडावर आला होता. मी म्हटलं, "नको. फक्त तुमचा असा अपमान झाला, त्याचं वाईट वाटतं."

"माझा कसा?"

"घरी बोलावून खोटं बोललो तुमच्याशी. तेही लोकांसमोर उघडं पडलं."

"काका, तो समोरचा कप कोणाचा आहे?"

"तुमचा."

"दर वेळी ठेवता?"

"हो. एकट्यानं कसा पिणार? माणूस समोर बसलेलं असताना."

"मग त्या चहाचं काय होतं?"

"गार झाला की मी पितो."

त्यांनी विचारलं, "माझ्या आधी दोन कप करायची सवय कोणासाठी होती?"

मी त्या भोकात बघत होतो. तिथं कोणीच नव्हतं. म्हणून पहिल्यांदा नजर खाली आणली आणि मॅडमकडं बघितलं. त्यांचे डोळे थकलेले होते आणि त्या माझ्याकडंच बघत होत्या, कधीपासून कोण जाणे.

"मी पाहुणी नाही, काका," त्या म्हणाल्या. "माझी उस्तवार करू नका. मला थोडा त्रास द्या. मी त्यासाठीच आले आहे."

त्रास द्यायला मला कुठं येत होतं? मी सुरुवात अगदी फालतू गोष्टीनं केली. बायकोला एक खोड आहे, मी म्हटलं. ती स्वयंपाकघरातून बोलते आणि मी बाहेरच्या खोलीत असतो. एक शब्द ऐकू येत नाही, मी नुसता ‘हं’ म्हणतो. यावरून आमची भांडणं झाली आहेत. ऐकत नाही तर हं कशाला म्हणता, म्हणायची. आता स्वयंपाकघरातून कोणी बोलत नाही. पण मॅडम, मी पेपर वाचता वाचता अजून ‘हं’ म्हणतो. मोठ्यानं म्हणतो. आणि मग लक्षात येतं.

एवढं बोलून मी थांबणार होतो. पण नळ सुटला तो सुटलाच. तिचा चष्मा ती इथंच विसरून गेली, तिथं नवा केला. हा जुना मी दर आठवड्याला पुसतो. फोनवर ती बाळ दाखवते, आणि मी बाळाच्या मागं तिचा हात दिसतोय का बघत असतो. ती विचारते जेवलात का, मी म्हणतो हो, आणि आमचं बोलणं संपतं. इतक्या लांबून फोन करून आम्ही एकमेकांना जेवलात का एवढंच विचारतो. मला तिची आठवण येते, मॅडम. खूप येते. म्हाताऱ्या माणसाला शोभत नाही इतकी येते.

मॅडमनी शोभतं की नाही यावर मत दिलं नाही. "हे त्यांना सांगितलंय?" एवढंच विचारलं.

"आमच्यात असं बोलत नाहीत."

"माझ्याशी बोललात."

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही त्रास द्या म्हणालात."

"मग एकदा माझ्यासमोर म्हणून बघा. त्यांना काय सांगाल?"

मला ते वाक्य दोनदा गिळावं लागलं. तिसऱ्यांदा बाहेर आलं. "मला करमत नाही." मॅडमनी मान हलवली. मी सवयीनं विचारलं, "तुम्हाला त्रास तर झाला नाही ना?"

"झाला," त्या म्हणाल्या. "चालेल. पुढच्या वेळी याच्यापुढं बोलू." त्या दिवशीचे दोन्ही कप मी तसेच मोरीत ओतले.

रविवारी सकाळपासून सल्ल्यांची रीघ लागली; आज बायकोला उत्तर द्यायचंय, हे डक्टनं सगळ्यांना केव्हाच कळवलं होतं. खिडक्या लावल्यामुळं सगळ्यांना आता जिना चढून-उतरून यावं लागत होतं. व्होल्टेजचं म्हणणं, छातीत दुखतंय म्हणून सांगा, दुसऱ्या दिवशी विमानात बसतील. वहिनी म्हणाल्या, काही सांगू नका, नुसते रडा, बायकांना कळतं. सेक्रेटरी नोटीस मागं घेतल्याचं सांगायला आले होते; स्वतःच्या खर्चानं खोटं बोलायचा धंदा कोणी करत नाही, असं त्यांचं मत झालं होतं. त्यांनी जाता जाता सुचवलं की विनंती मुद्देसूद असावी आणि आवाजात जरब असावी. मी तिघांनाही दारातूनच वाटेला लावलं आणि कडी घातली.

फोन आला. आधी बाळ दाखवून झालं. मग पडद्यावर बायको आली, केस विंचरायचे राहिलेले. "अहो, पोरगी अर्जाचं विचारतेय. काय सांगू? राहू का?"

"रहा..." माझं तोंड म्हणालं, आणि मी त्याला तिथंच अडवलं. "नको. नको राहू. मला करमत नाही."

ती एकटक बघत राहिली. मला वाटलं नेटवर्क गेलं. पण तिची पापणी हलली.

"बरं वाटत नाहीये का?"

"तब्येत ठणठणीत आहे. तू नाहीस, म्हणून करमत नाही. पोरीची सोय होईपर्यंत थांब, मी काही आजच ये म्हणत नाही. पण वर्षभर नको."

ती उठून गेली. पलीकडच्या खोलीत मुलीशी काहीतरी बोलली, दार लावल्याचा आवाज आला, आणि ती परत येऊन बसली. "सांगितलं तिला. अर्ज नको म्हटलं," ती म्हणाली. मग पदर नसतानाही पदर सावरल्यासारखं करत तिनं विचारलं, "कधीपासून करमत नाहीये?"

"तू टॅक्सीत बसलीस तेव्हापासून."

तिनं चष्मा काढून पुसला. उगाच बोलून वेळ भरून काढायचा नसतो, एवढं मी मॅडमकडून शिकलो होतो.

"मी रस्ता वळेपर्यंत मागच्या काचेतून बघत होते," ती म्हणाली. "तुम्ही डिकी नीट लागली का बघितलंत आणि सरळ आत गेलात. अहो, एकदा नुसता हात वर केला असतात ना, मी बॅगा घेऊन उतरले असते."